परत गेलेला माणूस

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. तीन वर्षांचा सिव्हिलचा डिप्लोमा आणि वीस वर्षांची रुळांची नोकरी, एवढंच माझं भांडवल. दोन वर्षांपूर्वी याच मांडवात मी ‘रूळ का तुटतो’ या विषयावर पाऊण तास बोललो होतो. त्यामुळे या वेळी चिटणीस घरी आले तेव्हा त्यांनी आधीच हात जोडले. म्हणाले, “दादा, बोला, पण रेल्वेवर नको.” तेव्हा आज मी एका नटाविषयी बोलणार आहे. अर्थात शेवटी गाडी रुळावर येणारच आहे, त्याला माझा इलाज नाही.

या नटाचं नाव पीटर लॉरे. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलं नसेल. मीही नोकरीला लागेपर्यंत ऐकलं नव्हतं. खरगपूरला नवीन आलो तेव्हा बॅचलर क्वार्टरमध्ये शेजारच्या खोलीत ऑफिसातले एक बंगाली दादा राहायचे. बंगाली माणूस म्हटल्यावर फिल्म सोसायटी आलीच. त्यांच्याकडे डीव्हीडींचं एक खोकं होतं. एका पावसाळी रात्री, सेक्शनवर पाणी भरल्याचा फोन येईल म्हणून मी जागा होतो, तेव्हा त्यांनी मला एक जुना जर्मन चित्रपट दाखवला. नाव फक्त एका अक्षराचं, ‘एम’. साल १९३१, दिग्दर्शक फ्रित्झ लांग. बर्लिन शहरात लहान मुलींचे खून होतायत. खुनी दिसत नाही, नुसती एक शीळ ऐकू येते. शेवटी पडद्यावर एक गोलमटोल चेहऱ्याचा, बटाट्यासारख्या डोळ्यांचा, बुटका तरुण येतो. असा माणूस पोस्टाच्या खिडकीमागे बसलेला आपण रोज पाहतो. तो तरुण म्हणजे लॉरे.

यातली गंमत अशी की लॉरेला शीळ वाजवता येत नव्हती. ती शीळ खुद्द दिग्दर्शक लांगची असल्याचं सांगतात. पण आजही जगात कुणीही ती धून ऐकली की त्याला लॉरेचाच चेहरा आठवतो.

त्या चित्रपटाचा शेवट मी विसरू शकत नाही. पोलिसांच्या धाडींमुळे शहरातल्या चोरांचाच धंदा बसतो, म्हणून चोरच खुन्याला पकडतात आणि एका बंद पडलेल्या कारखान्याच्या तळघरात त्याच्यावर खटला चालवतात. आपल्याला लगेच तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवतं, पण इथे आरोपी खरोखरच खुनी आहे. आणि तो गुडघ्यावर बसून ओरडून सांगतो, की तुम्ही चोऱ्या करता त्या तुमच्या मर्जीनं, मला मात्र माझ्याच आतून कुणीतरी पळवतंय, मी थांबू शकत नाही. दोन मिनिटांपूर्वी ज्याला फासावर द्यावं असं वाटत होतं, त्याच्याकडे बघवेना. बंगाली दादा म्हणाले, “अभिनय बघितलास?” मी म्हटलं, “हा अभिनय आहे?” त्या रात्री सेक्शनवरून फोन आला नाही, तरी मी झोपलो नाही.

आता हा माणूस कोण, कुठला, ते सांगतो. खरं नाव लास्लो लोवेनस्टाईन. जन्म २६ जून १९०४, गाव रोझाहेज. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातल्या हंगेरीत होतं, आज स्लोव्हाकियात आहे आणि त्याचं नाव रुझोमबेरोक. कोशित्से–बोहुमिन या जुन्या रेल्वेमार्गावरचं स्टेशन. (चिटणीस माझ्याकडे बघतायत. पुढे चलतो.) घरची भाषा जर्मन, धर्म ज्यू. वडील तिथल्या कापड गिरणीत मुख्य हिशेबनीस म्हणून नेमणूक झाली म्हणून त्या गावात आले होते. म्हणजे बघा, जन्मापासूनच परक्या गावचा. आपल्या कॉलनीतल्या निम्म्या मुलांच्या जन्मदाखल्यावर असंच एखादं गाव आहे, जिथं आजोबांची ना शेती, ना घर. बापाची फक्त पोस्टिंग होती.

ज्यू कलाकार म्हटलं की आपल्या मराठी माणसाला आधी डेव्हिड आठवतात. ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा, १९५४ सालचे. डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आडनावच सांगतं की मूळ कोकणातल्या चौलचे. बेने इस्राएल समाजाचे, घरची भाषा मराठी. कोकणात या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. डेव्हिड आयुष्याच्या शेवटी कॅनडात गेले आणि तिथेच वारले. त्यांच्यावर पुढच्या वर्षी कुणीतरी जरूर बोलावं. पण त्यांच्याकडे बघून माझ्या मनात एक गोष्ट येते. आपल्याकडे ज्यू म्हणून त्यांच्या वाटेला कुणी गेलं नाही. प्रेक्षकांना तर ते ज्यू आहेत हेही माहीत नसायचं. लॉरेच्या नशिबात ते नव्हतं.

लॉरे चार वर्षांचा असताना आई गेली. पुढे कुटुंब व्हिएन्नाला आलं. वडिलांच्या इच्छेनं बँकेत चिकटला, पण तिथं मन रमेना. नाटकवाल्यांच्या नादी लागला. याकोब मोरेनो नावाच्या डॉक्टरांची व्हिएन्नात एक मंडळी होती, संहिता नाही, तिथल्या तिथे सुचेल ते करायचं. ‘पीटर लॉरे’ हे नाव त्याला तिथे मिळालं असं सांगतात. मग ब्रेस्लाऊ, झुरिच अशा गावांत फिरून बर्लिनला पोचला आणि बर्टोल्ट ब्रेख्तच्या हाती लागला. ब्रेख्त म्हणजे तेच, ज्यांच्या नाटकावरून पु. लं.नी ‘तीन पैशाचा तमाशा’ केला आणि खानोलकरांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’. ब्रेख्तला या बुटक्या पोराचं वेड होतं. याच काळात एका शस्त्रक्रियेनंतर दुखणं थांबावं म्हणून दिलेलं मॉर्फिन लॉरेला चिकटलं, ते आयुष्यभर अधूनमधून डोकं वर काढत राहिलं. त्यावर मी जास्त बोलणार नाही. एवढंच की ते चैनीतून आलं नव्हतं, दवाखान्यातून आलं होतं.

१९३१ मध्ये ‘एम’ आला आणि सव्वीस वर्षांचा लॉरे रातोरात प्रसिद्ध झाला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. लॉरेनं बर्लिन सोडलं. आधी पॅरिस, मग लंडन. सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी मिळालेली कीर्ती जर्मन भाषेत होती, आणि ती भाषा आता सरहद्दीपलीकडे राहिली. गायकाचा गळा किंवा चित्रकाराचा ब्रश सरहद्द ओलांडू शकतो. नटाचं तसं नाही, त्याचं हत्यारच भाषा.

लंडनमध्ये आल्फ्रेड हिचकॉकनं त्याला भेटायला बोलावलं. लॉरेला इंग्रजी जवळजवळ येतच नव्हतं. ते कळलं तर काम जाणार. हिचकॉकला गोष्टी सांगण्याची फार हौस. लॉरेनं पुढे स्वतःच सांगितलंय, की मी नुसता त्याच्या तोंडाकडे बघत बसलो आणि विनोद संपत आलाय असं वाटलं की खो खो हसलो. हिचकॉकला वाटलं, वा, रसिक माणूस आहे! काम मिळालं. १९३४ चा ‘द मॅन हू न्यू टू मच’. त्यातले आपले बरेचसे संवाद लॉरेनं अर्थ न कळता, नुसत्या उच्चारांवरून पाठ केले.

आता खरं सांगा, इथे आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत आपल्यापैकी कोण असं हसलेलं नाही? मी तर कँटीनमध्ये बंगाली विनोदांवर असा हसायचो की माझ्या गँगचे मुकादम मला म्हणायचे, साहेबांना बांगला छान कळतं. एकदा भलत्याच ठिकाणी हसलो. ते कुणाच्या तरी आजारपणाचं सांगत होते. त्यानंतर मी रीतसर शिकलो.

१९३४ मध्येच लॉरे अमेरिकेत पोचला. सोबत पत्नी सेलिया लोव्स्की, तीही अभिनेत्री. हॉलिवूडनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, त्याच्या बोलण्यातला परका हेल ऐकला आणि ठरवून टाकलं, हा वेडा, खुनी किंवा परदेशी लफंगा. ‘मॅड लव्ह’मध्ये वेडा सर्जन. मग ‘क्राइम अँड पनिशमेंट’. त्यानंतर १९३७ ते १९३९ या काळात आठ चित्रपटांत मिस्टर मोटो नावाचा जपानी गुप्तहेर! हंगेरीत जन्मलेला, जर्मन बोलणारा ज्यू अमेरिकेत जपानी होतो. तिथल्या लोकांना काही वाटलं नाही. परका तो परका, मग कुठलाही असो. आपल्यालाही इथे कुणी ‘मद्रासी’ म्हणतं, कुणी ‘गुजराती’ म्हणतं. आपण सुरुवातीला दुरुस्ती करतो, मग सोडून देतो.

१९४१ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला. त्याच वर्षी ‘द मॉल्टीज फाल्कन’ आला आणि त्याला सिडनी ग्रीनस्ट्रीट हा जोडीदार मिळाला. ग्रीनस्ट्रीट डोंगराएवढा, लॉरे उंदराएवढा. दोघांची जोडी पुढे बऱ्याच चित्रपटांत चालली.

पण ज्यावर मला जरा थांबायचंय तो ‘कॅसाब्लांका’, १९४२ चा. टीव्हीवर अनेकांनी पाहिला असेल. लॉरे त्यात काही मिनिटंच आहे. उगार्ते नावाचा दलाल, युरोपातून पळून आलेल्या निर्वासितांना बाहेर जाण्याचे परवाने विकणारा. दोन जर्मन टपालवाहकांच्या खुनातून त्याच्या हाती दोन परवाने लागलेत आणि सगळी गोष्ट त्या दोन कागदांभोवती फिरते. उगार्ते पकडला जातो, नायकाला मदतीसाठी हाका मारतो आणि नायक जागचा हलत नाही.

हे चित्रीकरण चाललं होतं तेव्हा त्या खोट्या हॉटेलात बसलेले लोक कोण होते बघा. श्रेयनामावलीत नाव असलेल्या नटांपैकी अमेरिकेत जन्मलेले फक्त तिघे, त्यातला एक नायक हम्फ्री बोगार्ट. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ हंगेरीचा ज्यू. नाझी अधिकारी झालेला कॉनराड वाइट स्वतः ज्यू पत्नीसह जर्मनीतून निघून आलेला. जुगाराच्या टेबलावरचा मार्सेल दालिओ फ्रेंच ज्यू, त्याचा फोटो नाझींनी ‘ज्यूंचा चेहरा असा असतो’ म्हणून भिंतींवर चिकटवला होता. तो गुबगुबीत गालांचा वेटर आठवतो? एस. झेड. साकाल, बुडापेस्टचा. त्याच्या बहिणी छळछावण्यांत मेल्या. या सगळ्यांना कागदाच्या एका चिठोऱ्याची किंमत माहीत होती. दुसऱ्या कुठल्या चित्रपटात एक्स्ट्रांचे डोळे इतके खरे पाणावलेले मी पाहिले नाहीत.

आणि त्याच सुमारास तिकडे बर्लिनमध्ये काय झालं? १९४० च्या नोव्हेंबरमध्ये नाझींनी ज्यूंविरुद्ध एक प्रचारपट काढला, ‘डेअर एविगे यूडे’, म्हणजे ‘सनातन ज्यू’. त्यात त्यांनी ‘एम’मधला लॉरेचा तो गुडघ्यावर बसून रडण्याचा तुकडा उचलून लावला. बघा, ज्यू असा असतो. ज्या अभिनयावर बर्लिन नऊ वर्षांपूर्वी फिदा झालं होतं, तोच अभिनय आता पुरावा म्हणून दाखवला गेला. इकडे अमेरिकेत तो पडद्यावर परका गुन्हेगार, तिकडे जर्मनीतही पडद्यावर परका गुन्हेगार. दोन्हीकडे तेच तोंड.

लॉरे स्वतः आपल्या कामाला ‘तोंडं करणं’ म्हणायचा. लोकांनी त्याचं तोंडही उचललं आणि आवाजही. नाकातून येणारा, हळू, थोडा रडका, मधेच चिरकणारा आवाज. वॉर्नरच्या कार्टूनमध्ये १९४६ सालीच बग्ज बनीच्या मागे लागणारा एक वेडा शास्त्रज्ञ हुबेहूब लॉरेसारखा काढलेला आहे. रेडिओवर नकलाकार त्याची नक्कल करून पोट भरत. कॉलेजच्या पोरांनी लॉरेचा चित्रपट पाहिला नसला तरी लॉरेची नक्कल त्यांना येत असे. आपल्याकडे निळूभाऊ फुल्यांचं असंच झालं होतं. इतका सज्जन, सेवादलातला माणूस, पण गावोगावच्या बायका त्यांना बघून पदर सावरायच्या. फक्त निळूभाऊंची नक्कल होत होती ती त्यांच्याच भाषेत. लॉरेची नक्कल म्हणजे त्याला इंग्रजी जसं बोलता येत होतं त्याची नक्कल.

हे मला का लागलं ते सांगतो. माझी मुलगी इथेच जन्मली. मागच्या वर्षी वर्ध्याजवळ आमच्या गावी लग्नाला गेलो होतो. तिचं मराठी चांगलं आहे, तिच्या आईनं मेहनत घेतली आहे, पण त्यात बंगाली गोलाई येते. ‘अ’चा जरा ‘ओ’ होतो. चुलत भावंडांनी दोन दिवसांत तिची नक्कल बसवली आणि हळदीच्या रात्री सगळ्यांसमोर करून दाखवली. सगळे हसले, मीही हसलो. ती पण हसली. परत येताना गीतांजलीत ती वरच्या बर्थवर जी झोपली ती टाटानगर येईपर्यंत खाली उतरली नाही. आता मी काय सांगू, मी स्वतः पुण्यात ‘येऊन राहिलो’ म्हटलं की तिथले नातेवाईक गालात हसतात. पण मला परतायला गाव आहे. ती कुठल्या गावी परतणार?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. युद्ध संपलं. लॉरेचा स्टुडिओशी करार संपला. सेलियाशी १९४५ मध्ये घटस्फोट झाला, तरी ती बाई शेवटपर्यंत त्याची काळजी घेत राहिली. १९४९ मध्ये त्यानं दिवाळं जाहीर केलं. पंचेचाळीस वर्षांचा, कर्जबाजारी, मॉर्फिनशी झुंजणारा नट. माझ्याच वयाचा, हे मला हिशेब केल्यावर कळलं. तो युरोपला परत गेला, काही काळ बव्हेरियातल्या एका आरोग्यधामात उपचार घेत राहिला. ब्रेख्त तोपर्यंत पूर्व बर्लिनला परतला होता. त्यानं लॉरेला उद्देशून एक कविताच लिहिली आणि त्यात त्याला परत बोलावलं. लॉरे पूर्व बर्लिनला गेला नाही. पण आपल्या भाषेत, आपल्या हातानं एक चित्रपट करायचा हे त्याच्या मनानं घेतलं.

तो चित्रपट म्हणजे ‘डेअर फेर्लोरने’, हरवलेला माणूस. १९५१. लेखन मंडळीसह त्याचं, दिग्दर्शन त्याचं, मुख्य भूमिका त्याची. निर्माते आर्नोल्ड प्रेसबर्गर, तेही हद्दपारीतून परतलेले. चित्रीकरण संपण्याआधीच ते वारले.

गोष्ट अशी. युद्धानंतर निर्वासितांच्या छावणीत एक डॉक्टर खोट्या नावानं काम करतोय. खरा तो डॉक्टर रोठे, नाझी काळातला संशोधक. एके दिवशी छावणीत एक ओळखीचा माणूस येतो, तोही खोट्या नावानं. रात्रभर दारू पीत दोघे जुनं उकरून काढतात. रोठेच्या वाग्दत्त वधूनं त्याच्या संशोधनाची गुपितं शत्रूला विकली होती. ते कळल्यावर त्यानं तिला मारलं. सरकारनं त्याला शिक्षा केली नाही. संशोधन कामाचं होतं, म्हणून प्रकरण मिटवून टाकलं, आणि तो कामावर जात राहिला. मग त्याच्या हातून आणखी खून झाला. ‘एम’मधल्या खुन्याला निदान चोरांचं का होईना, कोर्ट मिळालं होतं. रोठेला कुणी पकडायलाच तयार नाही. अख्खं सरकारच खुनी असताना एका खुन्याला कोण विचारतो?

लॉरे यात कुठेही डोळे फिरवत नाही, चिरकत नाही. ज्या नकलेवर लोक वीस वर्षं हसले त्यातलं काही नाही. थकलेला माणूस, सिगारेट, जर्मन भाषेतला हळू आवाज. मला जर्मन येत नाही, खाली आलेली इंग्रजी अक्षरं वाचत होतो. तरी कळत होतं की हा माणूस आज पहिल्यांदा शब्द शोधत नाहीये.

शेवटी पहाटे तो त्या जुन्या ओळखीच्याला गोळी घालतो आणि चालत रेल्वेच्या रुळांवर जातो. मागून गाडी येतेय. तो तिच्याकडे पाठ करून उभा राहतो आणि हातानं डोळे झाकतो.

मित्रहो, इथे मला टीव्ही बंद करावा लागला. आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी जे शिकवतात ते हेच, की दुहेरी मार्गावर चालताना गाडी समोरून दिसेल अशा बाजूनं चालायचं, गाडी पाठीशी घ्यायची नाही. मी माझ्या प्रत्येक नव्या ट्रॅकमनला हे दहादा सांगतो. आणि या खात्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला पहाटे कीमनचा फोन आला की छातीत काय होतं, ते माझ्या घरी विचारा. नुसतं ‘साहेब, किलोमीटर अमुक’ एवढं बोलतो, पुढचं बोलत नाही. मग आम्ही कापड घेऊन निघतो. मी असे लोक पाहिलेत. कोण कुठला, बऱ्याचदा कळतही नाही. खिशात दुसऱ्या गावचं तिकीट असतं. लॉरेनं हे कुठे पाहिलं होतं मला ठाऊक नाही, पण त्यानं ते खोटं दाखवलेलं नाही. तासाभरानं उरलेला अर्धा मिनिट मी पाहिला.

जर्मनीत हा चित्रपट लागला आणि लोक फिरकले नाहीत. थोड्याच दिवसांत उतरवला गेला. त्या वेळी तिथं काय चालत होतं? १९५० मध्ये ‘श्वार्त्झवाल्डमेडल’, १९५१ मध्ये ‘ग्र्यून इस्ट डी हायडे’. हिरवी कुरणं, डोंगर, लोकगीतं, गावातलं प्रेम. त्या प्रकाराला ते ‘हाइमाटफिल्म’ म्हणतात, म्हणजे आपल्या मातीचे चित्रपट. शहरं ढिगाऱ्यांत पडलेली, लोकांना विसरायचं होतं. अशा वेळी एक माणूस अठरा वर्षांनी परदेशातून येतो आणि म्हणतो, बसा, काय झालं ते सांगतो. मी त्या प्रेक्षकांना पूर्ण दोष देऊ शकत नाही. भुकेल्या माणसाला गोडच हवं असतं. पण लॉरेच्या बाजूनं बघितलं की गळा दाटतो. हिटलरनं हाकललं हे समजण्यासारखं होतं. यांनी हाकललंही नाही, यांना नुसतं यायचंच नव्हतं.

आपल्या मंडळातले एक ज्येष्ठ, नाव घेत नाही, इथल्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर गावी परतले होते. निरोपाच्या वेळी याच मांडवात आपण त्यांना शाल-श्रीफळ दिलं होतं. गावी घर बांधलं, अंगणात तुळस लावली. दीड वर्षानं परत इथे आले, भाड्याच्या घरात. मी विचारलं, काका, काय झालं? ते म्हणाले, “वाईट कुणी वागलं नाही रे. पण जो भेटेल तो विचारायचा, कधी आलात? मी सांगायचो, आता इथेच आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच विचारायचा, कधी आलात?” त्यांना सांगण्यासारखं खूप होतं. इथली ३५ वर्षं होती. ऐकायला कुणी बसलं नाही. आज ते पहिल्या रांगेत बसले आहेत. काका, तुमच्या परवानगीनं सांगितलं.

लॉरे अमेरिकेत परतला. त्यानं पुन्हा कधी चित्रपट दिग्दर्शित केला नाही. पुढचं पटकन सांगतो, कारण त्यानंही ते पटकनच केलं. अंगानं सुटला, मिळेल ते काम घेतलं. १९५४ मध्ये डिस्नेच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’मध्ये दिसला. त्याच वर्षी टीव्हीवर ‘कसिनो रोयाल’ झालं, त्यात तो खलनायक. मुलांनो, जेम्स बाँडचा पडद्यावरचा अगदी पहिला खलनायक हा. अखेरच्या वर्षांत भुताखेतांचे विनोदी चित्रपट, व्हिन्सेंट प्राइसबरोबर. ‘द रेव्हन’ १९६३ चा, त्यात तो स्वतःच्याच भयानक प्रतिमेची टर उडवतो. नक्कल इतरांनी करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, असं त्याला वाटलं असावं. हा माझा अंदाज.

१९६३ मध्ये आणखी एक अजब प्रकार झाला. जर्मनीत जन्मलेला एक माणूस कॅलिफोर्नियाच्या कोर्टात गेला आणि आपलं नाव कायद्यानं ‘पीटर लॉरी’ करून मागितलं. दिसायला थोडा तसाच होता. लॉरेनं विरोध केला आणि कोर्टानं अर्ज फेटाळला. जे नाव लास्लो लोवेनस्टाईनला व्हिएन्नात मिळालं होतं, त्यासाठी तो म्हातारपणी कोर्टात लढला. भाषा गेली, देश गेला, चित्रपट गेला, हे एवढं राहिलं होतं.

काही महिन्यांतच, २३ मार्च १९६४ रोजी, मेंदूतल्या रक्तस्रावानं तो लॉस एंजेलिसमध्ये गेला. वय ५९. अंत्यविधीच्या वेळी श्रद्धांजलीपर भाषण व्हिन्सेंट प्राइसनं केलं, इंग्रजीत. आणि ज्याच्यामागे तो नाव सोडून गेला त्या अर्जदारानं नंतर ‘पीटर लॉरे ज्युनियर’ म्हणून कामं मिळवली.

‘डेअर फेर्लोरने’ आता इंटरनेटवर मिळतो. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी माझ्याकडे यावं, पण आमच्या घरी शेवटची पाच मिनिटं मी स्वयंपाकघरात असतो हे आधीच सांगून ठेवतो.

आरतीची वेळ झाली आहे, भटजी केव्हाचे घड्याळ दाखवतायत.  गणपती बाप्पा मोरया!